गाईडमधले स्वमत

महोदय,

दहावीच्या भाषा विषयांना कृतिपत्रिका, म्हणजे पाठ उत्तरांऐवजी कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका आली, तेव्हा आता घोकंपट्टीची सद्दी संपणार असे वाटले होते. त्यात 'स्वमत' हा प्रश्न असतो. उताऱ्यावर विद्यार्थ्याने आपले म्हणणे मांडायचे. प्रत्यक्षात गाईडमध्ये स्वमत तयार छापून मिळते, क्लासमध्ये उतरवून देतात. माझ्या नातीचा आणि तिच्या मैत्रिणीचा घटक चाचणीचा पेपर शेजारी ठेवून पाहिला. दोघींचे स्वमत एकच, स्वल्पविरामासकट! दोघींना पैकीच्या पैकी गुण. तिसरीने मनाने लिहिले, तर 'मुद्दे अपुरे' असा लाल शेरा. पुढच्या वेळी तीही गाईडच उघडणार.

हीच मुले पावसाळ्यात पाहावीत. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, सगळे तोंडपाठ. तेही कुणी पाठ करायला न सांगता. दरवाजे उघडले तरी शहरात पाणी लगेच का चढत नाही, पाऊस थांबला तरी का उतरत नाही, यावर २०१९ चा महापूर पाहिलेली पोरे तासभर वाद घालतील. पेपरात मात्र त्यांना 'पुराची कारणे लिहा' एवढेच विचारतात आणि ती वहीतले चार मुद्दे ओतून मोकळी होतात.

पाठांतराला माझा विरोध नाही. बारा सत्ते किती हे पाहायला मोबाइल काढावा लागत असेल, तर पुढचे गणित सुचणार कधी? पण पाढे पाठ असणे वेगळे आणि मत पाठ असणे वेगळे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाठांतराऐवजी आकलन आणि विचारशक्ती तपासा, असे म्हटलेच आहे. बोर्डाचा पेपर बदलायची वाट पाहायची गरज नाही, कारण घटक चाचणीचा पेपर शाळाच काढते. प्रत्येक चाचणीत एक तरी प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर पुस्तकातही नाही आणि गाईडमध्येही नाही. मत शिक्षकांच्या उलट असले, तरी कारणे पटण्याजोगी असतील तर पूर्ण गुण द्यावेत. आम्ही घरचेही फाटकाशी पोरांना पहिले विचारतो ते 'अपेक्षित प्रश्न आले का?' हेच. ते थांबवायला हवे.

असे पेपर तपासायला वेळ लागतो, हे मान्य. त्यासाठी शिक्षकांच्या मागची सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे आधी कमी करावी लागतील. निदान येत्या सहामाहीपुरते तरी कोल्हापुरातल्या शाळांनी हे करून पाहावे.

– एक आजोबा, शिवाजी पेठ, कोल्हापूर