बंदूक घेतली आहे, पण आधी पत्र पूर्ण वाचा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगितलं असतं तर आईने "अगो बाय" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मी बारा बोअरची बंदूक घेतली आहे. विंचेस्टर कंपनीची मॉडेल १२, १९५० च्या दशकातली पंप बंदूक, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची. मे महिन्यात रानटर्कीच्या शिकारीला जायचं ठरवलं आहे. तुम्हाला न विचारता ठरवलं याची मनाला टोचणी आहे. आबांच्या दुनळीनंतर आपल्या घरात हा विषयच बंद झाला होता, हे मला माहीत आहे. पण हे घाईने ठरवलेलं नाही, एवढं मनात धरून पुढे वाचा.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न परवान्याचा असणार. आपल्याकडे निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तसं इथे अमेरिकेत नाही. पण मोकाटही नाही. दुकानदाराकडे सरकारी परवाना लागतो, घेणाऱ्याने फॉर्म ४४७३ भरायचा, मग त्याची गुन्हेगारी नोंद तपासली जाते आणि त्यानंतरच बंदूक हातात मिळते. शिकारीचा परवाना वेगळा, आणि पेनसिल्व्हेनियात नवख्याला आधी सुरक्षिततेचा वर्ग पुरा करावा लागतो. तो झाला. वसंतातल्या टर्कीसाठी इथे रायफल चालतच नाही, बंदूक वापरायची तर छऱ्याचीच लागते. शिशाचा छराही चार नंबरपेक्षा मोठा चालत नाही (नंबर जितका लहान तितका छरा मोठा).

आता जुनीच का. नव्या टर्कीच्या बंदुका हलक्या असतात आणि त्यांत तीन किंवा साडेतीन इंची काडतुसं घालतात. त्यांचा धक्का खांद्याला फार बसतो. माझी बंदूक भरीव पोलादाची आणि अक्रोडाच्या लाकडाची, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. हे वजनच धक्का खातं. शिवाय तेव्हाच्या बहुतेक लांब नळ्या फुल चोकच्या असत, म्हणजे तोंडाशी नळी सुमारे ३५ ते ४० हजारांश इंचाने अरुंद. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सत्तर टक्के छरे पडावेत, हे फुल चोकचं जुनं माप. टर्कीला नेमकं तेच हवं.

दुनळी घ्यावी असं मनात होतं, खोटं कशाला बोलू. फॉक्सची स्टर्लिंगवर्थ दिसायला फार देखणी. पण जुन्या अमेरिकन दुनळ्यांचा दस्ता फार खाली वाकलेला असतो, टाचेशी कधी तीन इंचांपर्यंत. मग गाल लाकडावर टेकत नाही, मान वर उचलली जाते आणि छरे पक्ष्याच्या डोक्यावरून निघून जातात. उडत्या पक्ष्याला ते चालून जातं, पण टर्की उभी असते आणि तिच्यावर रायफलीसारखा नेम धरावा लागतो. दुसरं म्हणजे दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील याची खात्री नाही. दुनळी घ्यायचीच तर दोन्ही नळ्या तीस यार्डांवर कागदावर वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. आणि नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेल्या जुन्या नळीची, नक्षी असेल तर ती भिंतीवर टांगावी, आजच्या धूररहित दारूचं काडतूस तिच्यात घालू नये.

बाबा, कुणी दुनळी दाखवली तर तुमच्या कामाला येईल म्हणून लिहिते. पुढचं लाकूड काढून बंदूक हलवायची, सांध्यात खडखड आली तर सोडून द्यायची. वरची खिटी बंद असताना मधल्या रेषेच्या डावीकडे गेलेली असेल तर कुलूप झिजलेलं असतं. नळ्या सुट्या करून टांगायच्या आणि बोटाच्या पेराने वाजवायच्या. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा, बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटलेली.

ब्राउनिंगची ऑटो-५ पण पाहिली, ती पुढचं काडतूस आपोआप भरते. तिच्यात स्प्रिंगवर एक पोलादी कडी असते. जड काडतुसाला ती स्प्रिंग आणि पितळी तुकड्याच्या मध्ये बसवायची, हलक्याला स्प्रिंगच्या मागे. मागच्या मालकाने ती चुकीची ठेवली असेल तर प्रत्येक बाराला धक्का थेट लाकडावर जातो, आणि पुढचं लाकूड चिरलेल्या ऑटो-५ म्हणूनच इतक्या दिसतात. विंचेस्टरची एकनळी मॉडेल ३७ स्वस्त आहे, पण तिचा घोडा अंगठ्याने ओढावा लागतो. पहाटेच्या थंडीत अंगठा बधिर झाला की घोडा निसटतो. ती नकोच म्हटलं.

मॉडेल १२ बारा बोअरमध्ये पहिल्यापासून पावणेतीन इंची खोलीची (खोली म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा) आली, त्यामुळे आजचं साधं काडतूस बसतं. सोळा आणि वीस बोअरच्या सुरुवातीच्या बंदुकांची खोली आखूड आहे. तिथे आजचं काडतूस आत जातं, पण त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. म्हणून नळीवर काय छापलंय यावर भरवसा न ठेवता खोली गेजने मोजून घेतली. तीन इंचीही हिच्यात घालायचं नाही, आत गेलं तरी नाही.

नळीची लांबी कशी पाहायची? बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद करून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, तोंडातून लाकडी काठी बोल्टपर्यंत सोडायची आणि खूण करायची. २६, २८, ३० किंवा ३२ इंच आली तर ठीक. सव्वासत्तावीस आली तर कुणीतरी करवत चालवली आहे, आणि चोक शेवटच्या काही इंचांतच असल्याने तो गेला. नळीवर "फुल" कोरलेलं तसंच राहतं, गिऱ्हाईक त्यालाच फसतं. माझी २८ इंची आहे, चोकही मोजून घेतला. नळी उजेडाकडे धरून आत गोल सावली पडते का पाहिलं. सावली पडली म्हणजे तिथे पोचा किंवा फुगा आहे. मग बाहेरून बोटांच्या टोकांनी पूर्ण नळी चाचपली.

या बंदुकीचे दोन भाग होतात. मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवणारी खालची नळी पाव फेरा फिरवून पुढे ओढायची, मग वरची मुख्य नळी पाव फेरा फिरवली की सुटते. परत जोडल्यावर सांध्यात हालचाल असेल तर आत एक जुळवणीची बाही असते, ती एक दात पुढे सरकवायची. ही सोय माहीत नसल्याने लोक चांगल्या बंदुका "खिळखिळी" म्हणून विकतात. आतलं जुनं ग्रीस मात्र डिंकासारखं घट्ट झालं होतं. तसंच ठेवलं तर थंडीत काडतुसावर आपटणारी पिन जोराने पुढे जात नाही आणि बार फुसका जातो. सगळं काढून पातळ तेल दिलं, मॅगझिनची स्प्रिंग नवी घातली. आत लाकडी दांडीही घातली, म्हणजे तीनच काडतुसं राहतात. कायदा तेवढीच मान्य करतो.

एक गोष्ट बाबांना कुणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगते. या बंदुकीचा चाप दाबून ठेवला आणि पंप पुढे ढकलला तर बोल्ट बंद होताच बार निघतो. आजच्या बहुतेक पंप बंदुकांत हे होत नाही. म्हणून नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. हा नियम मी मोडणार नाही, आईची शपथ.

काडतूस सव्वा औंसाचं, शिशाचे सहा नंबरचे छरे, म्हणजे सुमारे २८० दाणे. बाबा, तुम्ही खडकीची काडतुसं पाहिली आहेत, त्याच बोअरचं. पोलादी छरे हिच्यात कधीच नाहीत. ते दबत नाहीत, जुन्या फुल चोकशी नळीला कडी पाडतात. टंगस्टनचे बहुतेक त्याहून कडक. शिसं नको असेल तिथे बिस्मथ, हा धातू मऊ असतो. तीस यार्डांवर मोठ्या कागदावर दहा इंची वर्तुळ काढून, बसून, कानात बोळे घालून बार काढायचे आणि वर्तुळातली भोकं मोजायची. शंभराच्या आसपास हवीत. तेवढी पडत नसतील तर काडतूस बदलायचं किंवा आणखी जवळ थांबायचं. माझी हद्द तीस यार्डांची, म्हणजे सुमारे सत्तावीस मीटर. नेम मानेवर, जिथे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे. अंगावर मारलं तर पिसं आणि पंखांची हाडं छरे अडवतात, आणि पक्षी जखमी होऊन झाडीत निघून जातो. ते मला चालणार नाही.

दस्ता मला लांब पडत होता. मूळचा कापला नाही, जुना सुटा दस्ता घेऊन तो आखूड केला आणि रबरी पॅड लावला. लाकूड चमकतं आणि टर्कीची नजर तेज, म्हणून कापडी पट्टी गुंडाळते, पण त्याच दिवशी सोडते. खाली दमट राहिलं की एका रात्रीत गंज चढतो.

आई, तुझ्या मनात मोर येईल. टर्कीचा नर पिसारा फुलवतो तो खरंच तसाच दिसतो. पण हे चोरून मारणं नाही ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांतून ही पाखरं संपली होती. मग जाळ्यांनी पकडून पुन्हा रानोरान सोडली, आणि आज लाखोंनी आहेत. त्या कामाला बराचसा पैसा शिकाऱ्यांकडूनच येतो. १९३७ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, तो वन्यजीवांसाठीच राखलेला. वसंतात फक्त छातीवर दाढीसारखा झुपका असलेला पक्षी, म्हणजे बहुधा नरच, तोही मोजकाच. तरी तुला वाईट वाटलं तर वाटू दे, मी वाद घालणार नाही. तू इथे येशील तेव्हा त्या मटणाची भांडीही वेगळी असतील आणि श्रावणात घरात काहीच नसेल.

काळजीचं म्हणशील तर पहाटे अंगात लोकरीचं, पायात जाड मोजे, बसायला फोमची गादी, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा आणि डब्यात तुझ्या पद्धतीची चटणी-पोळी. पाठ खांद्यापेक्षा रुंद झाडाला टेकून बसायचं, म्हणजे मागून कुणाचा बार लागत नाही. लाल, पांढरं, निळं अंगावर काही नाही, कारण नराच्या डोक्याचे तेच रंग. टर्कीचा आवाज आला म्हणून त्या दिशेने रांगत जायचं नाही, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. एकटी जात नाही. बंदूक लोखंडी कपाटात, चापाला कुलूप, काडतुसं दुसऱ्या खोलीत. घरात एकाच बोअरची काडतुसं ठेवायची, हे पक्कं ठरलं आहे. वीस बोअरचं पिवळं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर पुढे सरकून अडकतं, मागून बारा बोअरचं भरून बार काढला की नळी फुटते. धाकटीला कपाटाची किल्ली कुठे आहे हे माहीत नाही, आणि लहानपणी मला जी एक गोष्ट बाबांनी पडवीत बसवून सांगितली होती तीच तिला सांगितली आहे.

आता तुमचं. बाबा, शेंगा काढायला शिडीवर चढायचं नाही, गड्याला बोलवा. बीपीची गोळी सकाळी जेवणाआधी राहते असं आई म्हणाली. ती चहाच्या डब्याशेजारी ठेवा. आई, गुडघ्याचा पट्टा फक्त बाहेर जाताना लावू नकोस, घरात जिना चढतानाही लाव. गिझरचा मिस्त्री आला नसेल तर मला कळव, इथून फोन करते. रक्ताचे रिपोर्ट आले की दोन्ही पानांचे फोटो पाठवा, पहिल्याच पानाचा नको.

तुमची,
बाय