चावणं, झोप आणि आपल्या कचरावेचक मावशी

प्रिय सखे,

पिल्लू दुसऱ्या मुलांना चावतं म्हणून तू पाठवलेला भलामोठा व्हॉइस मेसेज काल रात्री सगळं आवरल्यावर ऐकला. फोन करणार होते पण मग तू रडायला लागशील आणि माझं सांगायचं राहून जाईल, म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाच. आधी एक नक्की ऐक, साडेतीन वर्षांचं पोर चावतं म्हणजे ते वाईट निघालं असं काही नसतं गं. राग अंगभर येतो आणि बोलायला शब्द सापडत नाहीत, एवढंच असतं.

सासूबाई म्हणतात तसं लगेच सॉरी म्हणायला लावू नकोस. आमच्या कोथरूडच्या बालवाडीत आम्ही ते बंदच केलंय, कारण मुलं घडाघडा सॉरी म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला परत ढकलतात, सॉरी म्हटलं की सुटलो एवढंच त्यांना कळतं. त्यापेक्षा हाताला काम द्यायचं. परवा एका छोटूने दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि त्या दुसऱ्याने भोकाड पसरलं. मी पाडणाऱ्याला जवळ घेऊन खाली बसले, म्हटलं बघ तो किती रडतोय, आता काय करूया आपण? बराच वेळ नुसता बघत राहिला, मग माठाजवळ गेला, पेला अर्धा भरून घेतला, दोन्ही हातांनी धरून सांडत सांडत आला आणि थेट रडणाऱ्याच्या ओठांना लावला. पाणी दे असं मी म्हटलंच नव्हतं, त्याच्या घरी कोणीतरी रडणाऱ्याला पाणी देत असणार.

तेव्हा आता चावलं तर आधी ज्याला चावलंय त्याच्याकडे जा, आणि तुझ्या पिल्लाच्या हातात ओला रुमाल दे, चावलंय तिथे धर म्हणावं. चावायचं नाही, दुखतं, एवढंच बोल, भाषण नको. आणि कसं वाटतं ते कळू दे म्हणून उलट चावून दाखवणारी माणसं आहेत ना आपल्याकडे, ते तर अजिबात नको.

पण मला खरी मेख वेगळीच वाटतेय. तू सहज बोलून गेलीस की तो रात्री साडेअकराला झोपतो आणि शाळेसाठी सातला उठतो. अगं, तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, आणि स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको हेही त्यातच आहे. झोप न झालेलं, भुकेलेलं मूल दुसऱ्याला सांभाळून घेईल कुठून? आपल्यालाही जमत नाही. म्हणून मला प्रेमळपणा वेगळा आणि चांगल्या सवयी वेगळ्या असं कधी वाटतच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या, तिथे मुलांची आंघोळ, नखं, केस हे सगळं शिक्षणच धरलं होतं त्यांनी.

हात धुणं शिकवायचं तर शेजारी उभी राहून तूही धू. मुलं तळवे चोळतात आणि झालं म्हणतात, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्याच राहतात, तिथे फेस दिसला पाहिजे. साबण लावून वीस सेकंद, म्हणजे एखादं छोटं बडबडगीत दोनदा म्हणून होतं. दात सात-आठ वर्षांपर्यंत शेवटी तूच घासून द्यायचे, पेस्ट वाटाण्याएवढी बास. दुधाचेच आहेत, पडणारच, असं घरात कोणी म्हणालं तर सांग की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत त्याच तोंडात राहणार आहेत आणि किडल्या तर पोर जेवणार कसं.

जेवणाचं थोडक्यात सांगते, मोबाइल लावून एक घास चिऊचा, एक घास काऊचा करू नका, चिऊकाऊ खिडकीत दाखवा की. नको म्हणाला तर ताट उचल, पुढच्या वेळेला भूक लागेल.

आणि एक गोष्ट मला फार आवडते ती सांगायचीच आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मावशी कचरा न्यायला दारावर येतात ना, आम्ही मुलांना त्यांच्याशी बोलायला नेतो. ओला आणि सुका वेगळा का, तर एकत्र दिला की मावशींना त्यात हात घालून निवडावा लागतो. मागे वर्गात काचेचा ग्लास फुटला, तर एक चिमुरडी लांबूनच ओरडली, ताई, कागदात गुंडाळ, मावशींना लागेल! मग मी तुकडे गोळा केले, जुन्या पेपरात गुंडाळले आणि तिने वर लाल खडूने भली मोठी फुली मारली. घरी जाऊन तिने आजोबांनाही हेच ऐकवलं म्हणे, ते आता पुडी बांधल्याशिवाय काच टाकत नाहीत.

तू जूनमध्ये इकडे शिफ्ट होतेयस तर आधी चार सकाळी त्याला घेऊन आमच्याकडे नुसती येऊन बस, ॲडमिशनचं नंतर बघू. तोवर फक्त झोपेचं मनावर घे, रोज पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आण, एकदम नऊला झोप म्हणशील तर दोघंही रडाल. रविवारी कळव किती वाजतायत ते.

तुझीच,
बालवाडीवाली