ताटातला घास आणि बंड्याचं भुंकणं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वरच्या मजल्यावरचा कुत्रा रोज रात्री जेवणाच्या वेळी अर्धा-अर्धा तास भुंकतो, अशी तक्रार करणारं पत्र आपल्या सदरात वाचलं. त्या वाचकांचा त्रास मला मनापासून पटला, कारण आमच्या इमारतीत वर्षापूर्वी असा कुत्रा आमच्याच घरात होता.

आम्ही चेंदणीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बंड्या आमचा सहा वर्षांचा लॅब्राडॉर. साडेआठला तव्यावर बोंबील पडले की तो ओट्याशी येऊन कुंईकुंई करायचा, पानं वाढली की भुंकायचा आणि शेवटी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मांडीवर पंजा ठेवायचा. अण्णा ८४ वर्षांचे. "मुक्या जनावराचा घास काढूनच जेवावं," म्हणत ते पोळीचा तुकडा खाली धरायचे. मी ओरडायची, मुलगा चप्पल दाखवायचा आणि पाच मिनिटांनी आमच्यातलंच कुणीतरी वैतागून "घे बाबा, पण गप्प बस" म्हणून तुकडा टाकायचं. खालच्या वहिनींची तान्ही नात नेमकी तेव्हाच दचकून उठायची.

सोसायटीच्या बैठकीत कुत्रा काढून टाका, अशी भाषा झाली. जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तो कागद दाखवून बाळाची झोप परत येणार नव्हती.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बंड्याचं वजन ३९ किलो भरलं. भूक अति वाढण्यामागे मधुमेहासारखा आजार किंवा जंतही असू शकतात, म्हणून त्यांनी आधी रक्त आणि शी तपासली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंध असलेल्या एका जनुकाचा लहानसा भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. बंड्याची ती तपासणी आम्ही केली नाही, पण त्याला हावरट म्हणणं त्या दिवसापासून बंद केलं.

भुंकणं मात्र आम्हीच शिकवलेलं होतं. कधी पहिल्या भुंकण्याला तुकडा, कधी विसाव्या, कधी काहीच नाही. असं कधीतरी मिळत राहिलं की कुत्रा आशा सोडत नाही.

आता बंड्या आमच्या आधी, आठ वाजता, मोजून जेवतो. त्यातलंच मूठभर दाणेदार खाणं बाजूला ठेवायचं. कपाटाशी जुनी सतरंजी घडी घालून टाकली आहे. त्यावर तो गप्प बसला की एक दाणा. सुरुवातीला दर काही सेकंदांनी, मग मिनिटाने, मग आणखी उशिराने. भुंकला तर बघायचं नाही आणि ओरडायचंही नाही, कारण ओरडलं तरी आपण त्याच्याकडे लक्ष दिलेलंच असतं.

यात भुंकणं आधी वाढतं. म्हणून मी स्वतः खाली जाऊन वहिनींना सांगितलं, "पंधरा दिवस कळ काढा." त्यांनी बाळाला आतल्या खोलीत निजवायला सुरुवात केली, हे उपकार मी विसरणार नाही. चौथ्या रात्री बंड्या इतका भुंकला की मुलाचा हात पोळीकडे गेलाच होता. मी तो धरला. त्या रात्री तुकडा पडला असता तर एवढं भुंकल्यावर मिळतं, हेच बंड्या शिकला असता.

अण्णांना थांबवणं सगळ्यांत अवघड गेलं. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांच्या घासात माया होती, ती मला तोडायची नव्हती. शेवटी ती मूठ मी त्यांच्याच हाती दिली. आता सतरंजीवर दाणे टाकतात ते अण्णा. पोळीचा तुकडाही ते ताटाबाहेर काढून ठेवतात, पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर तो बंड्याच्या वाडग्यात जातो. तिसऱ्या आठवड्यात घर शांत झालं. वजन आज ३४ किलो आहे.

त्या वाचकांना विनंती की एकदा वर जाऊन बोला. वरच्यांनाही विनंती की खालच्यांकडून तीन आठवडे मागून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचा हात आवरा. पाहुण्यांचाही. गेल्या गणपतीत एका पाहुण्यांनी प्रेमाने बंड्यापुढे प्रसादाचा शिरा धरला, त्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजलेलं हाड आतडं फाडू शकतं. यंदा गणपतीत आम्ही दारावर पाटी लावणार आहोत, 'बंड्याला काही देण्याआधी अण्णांना विचारा.'

आपली,
एक नियमित वाचक
चेंदणी, ठाणे