टोपीवालीची पिल्लं

आजरा, १८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आईच्या कोंबड्या कशा आहेत रे?" आणि मी "बऱ्या आहेत" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मन खातंय. तुला सगळं सांगायला हवं होतं, पण तू लोकलमध्ये होतास, मागे गलका होता, आणि ही गोष्ट तशी सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

तुझ्या आईची, काकींची, ती डोक्यावर पिसांचा गोंडा असलेली टोपीवाली कोंबडी गेली. नोव्हेंबरातच गेली.

काकी गेल्यावर पाचही कोंबड्या मी आमच्या परड्यात आणल्या, हे तुला माहीत आहे. बाकीच्या चार रुळल्या. ही मात्र अंडं घालायची वेळ झाली की कुंपणाखालून थेट तुमच्या गोठ्यात जायची. काकींनी तिला ज्या पाटीत रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलं होतं, ती जुनी पाटी खुराड्यात तशीच पडली होती, भाताचं तूस अजून तिच्यात होतं. दिवाळीनंतर ती खुडूक झाली, म्हणजे तिला उबवायची ओढ लागली, आणि ती तिथंच बसली. खुडूक कोंबडीची जागा बदलली की ती पुष्कळदा अंड्यांवरून उठते, म्हणून मी तिला हलवली नाही. खाली अकरा अंडी ठेवली. काकी ठेवायच्या तसा लोखंडाचा तुकडा आणि कोळसाही पाटीत ठेवला. पण खुराड्याच्या दाराची खालची फळी कुजलेली होती. ती मला दिसली होती. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो.

सोळाव्या रात्री रानमांजर आलं. पहाटे गेलो तर दारापाशी पिसं होती, ठिपक्यांची. ती पळून माळ्यावर चढू शकली असती, पण अंड्यांवर बसलेली कोंबडी उठत नाही. मी पाटीत हात घातला. कडेची अंडी गार झाली होती. मधली तीन-चार गालाला लावून बघितली, तर अजून कोमट होती.

तुला खरं सांगतो, अंडी उबवायचं यंत्र वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. ती अंडी कोमट होती म्हणून मी ती उचलली, एवढंच. आमच्या दुसऱ्या कोंबड्यांत खुडूक एकही नव्हती. घोंगड्यात गुंडाळून घरी आणली. बाजारात मासळीवाल्याकडून थर्मोकोलचा खोका आणला, झाकणाला भोक पाडून साठचा जुना पिवळा बल्ब सोडला. एलईडी बल्ब त्याला चालत नाही, तो ऊब देत नाही. तारेचा बल्बच लागतो आणि तो आता दुकानात शोधावा लागतो. आत ताप बघायचं पाऱ्याचं थर्मामीटर ठेवलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी ते झटकायचं, परत ठेवायचं, शंभरच्या आसपास आहे का बघायचं, चढलं की बल्ब बंद, उतरलं की चालू. सहा दिवस आणि सहा रात्री मी आणि हिनं पाळी लावून हे केलं. धाकटी शाळेतून आली की ती बसायची.

एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही. बाविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. तेविसाव्या दिवशी तीन अंड्यांना टिचके पडले. ऊब कमी पडली की असा उशीर होतो, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मात्र मला वाटलं की ती अडकलीत. मी दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघत होतो. एकाला तर दहा तास झाले तरी टिचका तेवढाच. शेवटी मी नखानं कवच सोलायला घेतलं. कवचाखालचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिलाला चिकटला होता. थोडं सोललं आणि बारीकशी लाल रेघ उमटली, मग ती पसरली. ते पिल्लू माझ्या तळहातावर संध्याकाळपर्यंत होतं. आम्ही त्याला तुमच्या परड्यात, शेवग्याच्या बुंध्याशी पुरलं.

त्याचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास तिथं घेतं. मग कवचाला टवका पाडतं. त्यानंतर ते बारा तास, कधी चोवीस तासही गप्प पडून असतं. आपल्याला वाटतं ते थकलं. पण त्या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. हे पुरं व्हायच्या आधी आपण कवच सोललं की त्या शिरा तुटतात. आणि झाकण उघडलं की आतली दमट हवा निघून जाते, पापुद्रा आक्रसतो आणि पिलाला आवळून धरतो. म्हणजे मी दोन्हीकडून त्याची वाट बंद केली होती. काकी रवणीच्या शेवटच्या दिवसांत आपल्याला गोठ्याकडे फिरकू द्यायच्या नाहीत, आठवतं? ओरडायच्याच. मला वाटायचं, काही सोवळंबिवळं असेल.

अकरातली दोन जगली. त्यातल्या एकीच्या डोक्यावर ओली पिसं वाळताच मध्येच गोंड्यासारखा फुगवटा उभा राहिला. ही हातातलं टाकून बघत राहिली आणि म्हणाली, "टोपी आली हो." त्या रात्री ठरवलं की आता यंत्र नीट करायचं.

खोका तोच ठेवला, भिंती जाड आहेत त्याच्या. साठच्या एका बल्बाऐवजी चाळीसचे दोन लावले, एक उडाला तर दुसरा असावा म्हणून. जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आत बसवला. पंखा नसला की बल्बाजवळ एक तापमान आणि कोपऱ्यात दुसरं. कोल्हापुरातून थर्मोस्टॅटची छोटी पाटी आणली. तिला वायरीच्या टोकाशी तापमान ओळखणारी कांडी असते, ती अंड्यांच्या उंचीवर टांगली. ३७.६ अंश सेल्सिअसवर लावली की बल्ब आपोआप चालू-बंद होतात. पण त्या पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मी तिची कांडी आणि तापाचं थर्मामीटर एका पेल्यातल्या कोमट पाण्यात बुडवून बघितलं, तर पाटी जवळजवळ दीड अंश जास्त दाखवत होती. तसंच अंडी ठेवली असती तर पुन्हा उशीर, पुन्हा अशक्त पिल्लं. झाकणात काच बसवली. ती काच काकींच्या माजघरातल्या जुन्या तसबिरीची आहे, चौकट वाळवीनं खाल्ली होती. तुला न विचारता घेतली, रागावू नकोस.

दमटपणासाठी तळाशी पाण्याचं ताट आणि त्यात स्पंज. पाणी किती खोल आहे यानं फरक पडत नाही, ते किती पसरलंय यानं पडतो. पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवलं, शेवटचे तीन दिवस दुसरं ताट सरकवून पासष्टच्या वर नेलं. आधीपासूनच जास्त ओल ठेवली तर अंड्यातलं पाणी हवं तेवढं आटत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर पाण्याचं ताट लागणारही नाही बहुतेक.

आठ दिवसांत चार कोंबड्यांची एकवीस अंडी जमली. त्यातल्या दोघी टोपीवालीच्याच लेकी आहेत. अंडी धुतली नाहीत, धुतली की कवचावरचा थर जातो आणि घाण आत शिरते. निमुळतं टोक खाली करून गार खोलीत ठेवली होती. नऊ डिसेंबरला यंत्रात घातली. पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून पाच वेळा फिरवायची. पाचच का, तर विषम आकडा असला की रोज रात्री दुसरी बाजू वर येते. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला जीव पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे दिवसरात्र चोचीनं करत असते, आपल्याला दिसतही नाही.

सातव्या रात्री दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली आणि एकेक अंडं तिच्यावर ठेवलं. काकी हेच कौलातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत करायच्या, मूठ अर्धी मिटून. तीन अंडी नुसती पिवळी दिसली, त्यांत काही धरलंच नव्हतं. एकात रक्ताचं कडं दिसलं, ते मेलेलं. आणि उरलेल्या सतरांत, अरे, काय सांगू! कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधोमध काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. धाकटी किती तरी वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, त्यानं मला बघितलं."

अकराव्या रात्री वारा सुटला आणि एकच्या सुमाराला लाइट गेली. खोका घोंगड्यानं झाकला, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या, अडीच तास तिथंच बसून राहिलो. तापमान चौतीसपर्यंत उतरलं. काही झालं नाही. कोंबडीही दाणापाण्याला रोज उठते की थोडा वेळ. अंड्यांना थोडा गारवा सोसतो, जास्त उष्णता मात्र अजिबात सोसत नाही. चाळीसच्या वर गेलं की थोड्या वेळात खेळ संपतो. ही गोष्ट लक्षात ठेव, तू करशील तेव्हा.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवलं, जाळीवर खरखरीत रबरी कापड अंथरलं आणि झाकण लावलं. मग मी त्याला हात लावला नाही. एकोणतीसच्या रात्री पहिला टवका उडाला. काचेला नाक लावून बसलो होतो. कवचाच्या भोकातून चोचीचं टोक दिसत होतं आणि त्यावर तो बारीक पांढरा काटा, कवच फोडण्यापुरताच दिलेला, दोन-तीन दिवसांत गळून जातो. श्वासागणिक ते टोक वरखाली होत होतं. मग सगळं थांबलं. आठ तास. नऊ तास. माझे हात शिवशिवत होते, खोटं सांगत नाही. ही म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन या बघू." मी शेवग्यापाशी जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ते पिल्लू कवचाच्या आत गोल फिरू लागलं होतं. टक, टक, थांबा. टक. रुंद टोकाच्या बाजूनं सरळ रेघेत कातत गेलं, कुणी सुरीनं झाकण कापावं तसं. मग पायांनी रेटलं आणि झाकण उघडलं. ओलं, चिंब, मान धरवत नाही असं. त्याची चिवचिव ऐकून शेजारची दोन अंडी हलायला लागली. मी काकी घालायच्या तशी "आ आ आ" हाक हळूच घातली, तर खोक्यातून चहूकडून उत्तर आलं, अजून न फुटलेल्या अंड्यांतूनसुद्धा. माझा आवाजच फुटेना मग.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतरातली चौदा निघाली. पाच टोपीवाली आहेत.

पुढचं थोडक्यात लिहितो. वाळल्यावर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात हलवली, एका कोपऱ्यात बल्ब. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच चांगलं सांगतात. बल्बाखाली दाटीवाटी केली की थंडी वाजतेय, कडेला चोची उघडून बसली की उकडतंय, सगळीकडे पांगून निजली की बरोबर. तुसावर पहिले दिवस कागद घालतात, नाहीतर ती तूसच खातात. पण नुसता गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात, मी गोणपाट घातलं. पाण्याच्या बशीत खडे टाकले, बुडू नयेत म्हणून. पहिलं पाणी गुळाचं, पहिला दाणा घनसाळ तांदळाची कणी. त्यावर मात्र वाढत नाहीत, गडहिंग्लजहून पिलांचं खाद्य आणलं. सातव्या दिवशी मानमोडी रोगाची लस, डोळ्यात एकेक थेंब. कुपी शंभर डोसांची आणि उघडली की लगेच संपवावी लागते, म्हणून आळीतल्या सगळ्यांना पिल्लं घेऊन बोलावलं. नऊ घरं आली. काकी असत्या तर चहा त्यांनीच केला असता सगळ्यांना.

एक दगावलं, तिसऱ्या दिवशी. कारण सापडलं नाही. तेरा आहेत, आणि आधीची दोन. त्यातली टोपीची आता दोनेक महिन्यांची होईल, तुरा बारीक आहे म्हणजे तलंगच, कोवळी मादी, दिसतेय. परवा कुंपण उघडं राहिलं तर ती तुमच्या परड्यात गेली होती. तिला कुणी दाखवलेलं नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या खुराड्याला नवं दार करून घेऊ का? सागाची फळी माझ्याकडे पडून आहे, खाली पत्रा मारून घेतो, आतून दोन कड्या. गोठ्याची किल्ली माझ्याकडेच आहे, दाणापाणी मी बघीन. शिमग्यापर्यंत ही पोरं अंगानं भरतील, तेव्हा पाच-सहा टोपीवाल्या तिथं सोडू. घर बंद असलं तरी परड्यात काहीतरी वावरत राहील. तू आणि वहिनी शिमग्याला येणार असाल तर दार तोवर उघडत नाही, तूच उघड. नसाल येणार तर तसं कळव.

यंत्रात आता तिसरी खेप आहे, चोवीस अंडी. दहा तारखेला घातली. काल बघितली, बावीस धरली आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
कुंपणापलीकडचा