लिंग्झीच्या बाटलीविषयी सुहासला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र कालच मिळाले. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे निदान, त्यावर डॉक्टरांनी सुरू केलेली टेनोफोविरची गोळी आणि मेहुण्याने प्रेमाने आणून दिलेली लिंग्झी अळंबीच्या भुकटीची बाटली, या तिन्हींविषयी तू एका दमात लिहिलेस आणि शेवटी विचारलेस, ‘घेऊ की नको?’ तूर्त ती बाटली उघडू नकोस, हे आधीच सांगून टाकतो. मात्र नुसत्या ‘नको’ने तुझे कधीच समाधान होत नाही, म्हणून कारणेही लिहितो.

लिंग्झीची परंपरा खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये जिला रेशी म्हणतात तीच ही अळंबी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, शेन्नोंग या पौराणिक सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी वनौषधिसंहितेत तिचे रंगांवरून सहा प्रकार सांगितले आहेत. गंमत अशी की, त्या संहितेत यकृताला बळ देणारी म्हणून सांगितली आहे ती हिरवी-निळी लिंग्झी. तुझ्या बाटलीवर चित्र आहे तसली तांबडी तिथे हृदयाच्या वाट्याला आली आहे. ‘प्राचीन ग्रंथात यकृतासाठी सांगितलेली’ असे बाटलीवर छापणाऱ्याने तो ग्रंथ उघडून पाहिला असेल, असे मला वाटत नाही. यकृताशी खरोखर जवळचे नाते सांगणारी अळंबी तैवानची आहे. तिथल्या एका कापूरवर्गीय वृक्षाच्या जुन्या, पोकळ खोडात ती आतल्या बाजूने वाढते, चवीला कडूजहर असते, आणि तिथले आदिवासी ती यकृताच्या विकारांवर व मद्याच्या उताऱ्यासाठी वापरत आले आहेत. तिच्या मागणीपायी त्या वृक्षांची चोरटी तोड होऊ लागली, ही तिच्या लौकिकाची दुसरी बाजू.

परंपरेत लिंग्झी घेण्याची रीत काय होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती लाकडासारखी कडक असते; चावून खाता येत नाही, म्हणून तिचे काप पाण्यात बराच वेळ उकळून काढा पीत. उकळत्या पाण्यात तिच्यातील बहुशर्करा उतरतात. कडवटपणा देणारी ट्रायटर्पीन द्रव्ये मात्र पाण्यात फारशी विरघळत नाहीत. भुकटी गिळली की सगळेच पोटात जाते. म्हणजे काढा आणि भुकटी यांचे नाव एक असले तरी शरीरात जाणारे औषध एक नव्हे. थायलंडमधील डॉक्टरांनी 2007 मध्ये एका 47 वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली आहे. ती पूर्वी उकळलेली लिंग्झी घेत असे आणि तिला काही त्रास झाला नव्हता. पुढे एक-दोन महिने भुकटी घेतल्यावर तिचे यकृत झपाट्याने निकामी झाले आणि ती दगावली. एका रुग्णावरून नियम होत नाही, हे मान्य. पण जिचे यकृत आधीच विषाणूशी झुंजत आहे अशा व्यक्तीने ही हकीकत कानाआड करू नये.

प्रयोगशाळेत लिंग्झीचा अर्क उंदरांच्या यकृताला विषारी रसायनापासून काही अंशी वाचवतो, असे दिसले आहे. मेहुण्याने तुला दाखवलेला कागद बहुधा त्याविषयीचाच असावा. परंतु आधी अर्क देऊन मग विष दिलेला उंदीर आणि वर्षानुवर्षे पेशींत विषाणू बाळगणारा माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. शिवाय रक्तातील एएलटीचा, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या विकराचा, आकडा उतरला म्हणजे विषाणू गेला, असेही नाही. त्यासाठी विषाणूचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे लागते. भुकटी घेऊन तो आकडा योगायोगाने उतरला आणि तू खुशीत गोळी सोडलीस, तर विषाणू पुन्हा उसळून यकृताचा दाह एकाएकी भडकू शकतो. मला खरी भीती अळंबीची नाही, या एका चुकीची आहे. टेनोफोविर विषाणू सहसा समूळ काढत नाही, त्याला दाबून ठेवते; त्यामुळे ती कंटाळवाणी वाटली तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नकोस.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय करणार?’ हे तुझे वाक्य वाचून मात्र हसू आले. ॲमानिटा फॅलॉइडिस हीही नैसर्गिक अळंबीच. ती खाल्ल्यावर सहा ते बारा तास काही जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, पुढे बरे वाटल्याचा भास होतो, आणि तोवर आत यकृताच्या पेशी मरत असतात; शिजवल्याने तिचे विष जातही नाही.

मेहुण्याला दुखवायचे नसेल, तर ‘डॉक्टरांना दाखवून मग घेतो’ एवढेच सांग आणि पुढच्या तपासणीला बाटली खरोखरच सोबत ने. लिंग्झीने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तुझ्या प्लेटलेट किती आहेत हेही त्या वेळी विचार. बाटलीच्या मागच्या बाजूचा मजकूर आणि अहवालाची प्रत मला पाठव. रविवारी सकाळी दूरध्वनी करतो, तेव्हा दोन्ही समोर ठेवून बोलू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव