कलाकार एकत्र हवेत, आवाज मात्र सुटे

महोदय,

विज्ञानकथांची श्राव्यनाटकं मराठीत होऊ लागली आहेत, याचा आनंद आहे. पण त्यांतली बरीचशी एका सोयीच्या पद्धतीनं तयार होतात. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो कलाकार येतो, आपली वाक्यं वाचतो आणि जातो. मग ती वाक्यं संगणकावर एकापुढे एक लावली जातात. ऐकताना ही जोडणी लपत नाही. एक पात्र जीव तोडून ओरडतं आणि दुसरं त्याला दिवाणखान्यातल्या आवाजात उत्तर देतं. ही पद्धत सोडावी, असं कळकळीनं सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दाखला देतो तो इंग्लंडमधल्या ‘डॉक्टर हू’च्या श्राव्यनाटकांचा, कारण एकाच विज्ञानमालिकेवर इतकी वर्षं नेटानं हे काम केल्याची उदाहरणं फार नाहीत.

डॉक्टर नावाच्या काळप्रवाशाची ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९मध्ये थांबली आणि १९९६चा एक दूरचित्रपट वगळला तर २००५पर्यंत पडद्यावर परतली नाही. त्या पोकळीत ‘बिग फिनिश’ ही छोटी संस्था उभी राहिली. बीबीसीच्या परवान्यानं त्यांचं पहिलं ‘डॉक्टर हू’ श्राव्यनाटक जुलै १९९९मध्ये आलं. त्यात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्वेस्टर मॅकॉय हे, पडद्यावर वेगवेगळ्या काळात डॉक्टरची भूमिका केलेले तीन नट एकत्र होते. लेखन-दिग्दर्शन निकोलस ब्रिग्ज यांचं. १९८०च्या दशकात हौशी मंडळींनी कॅसेटवर केलेल्या नाटकांमधून ते पुढे आले होते. मासिक नाटकांची ती मालिका मार्च २०२१मध्ये २७५व्या नाटकावर संपली. बाकीच्या मालिका चालूच राहिल्या. पॉल मॅकगॅन हे १९९६च्या त्या दूरचित्रपटातले डॉक्टर; पडद्यावर पूर्ण लांबीची मुख्य भूमिका त्यांच्या वाट्याला तेवढी एकच आली. त्यांचा डॉक्टर घडला तो २००१पासून, निव्वळ आवाजात.

आता कामाची रीत. सुमारे दोन तासांचं, चार भागांचं नाटक साधारण दोन दिवसांत मुद्रित होतं. स्टुडिओत काच लावलेले छोटे बूथ असतात. प्रत्येक कलाकार आपल्या बूथमध्ये, आपल्या माइकसमोर, कानाला हेडफोन लावून उभा राहतो. सगळे एकाच वेळी प्रवेश करतात, एकमेकांना ऐकतात, जमेल तिथं काचेतून बघतातही. दिग्दर्शक बाहेरून टॉकबॅकवर, म्हणजे हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या माइकवर, सूचना देतो. एक तालीम, एक टेक, लागला तर दुसरा. प्रवेश क्रमानं होत नाहीत. कोणता कलाकार किती वाजेपर्यंत आहे यावर क्रम ठरतो. म्हणून प्रत्येक प्रवेशाआधी दिग्दर्शकानं ‘आधी काय घडलंय, तुम्ही धावत आलात की बसलेले आहात’ एवढं सांगणं भागच असतं.

एकत्र असूनही वेगळे बूथ कशाला? प्रत्येक आवाज स्वतःच्या ट्रॅकवर निर्भेळ मिळावा म्हणून. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरला की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. यंत्रमानवाच्या आवाजावर प्रक्रिया करायला जावं तर नायिकेच्या आवाजाची पुसट सावलीही यंत्रमानवासारखी बोलू लागते. एकमेकांवर चढलेली वाक्यं सोडवता येत नाहीत. चांगल्या टेकमधला एकच अडखळलेला शब्द दुसऱ्या टेकमधून उचलता येत नाही, कारण मागची सावली मध्येच तुटते. आणि आवाज कोरडा हवा, त्याला खोलीचा घुमारा नको. गुहेचा, यानाच्या मार्गिकेचा, शिरस्त्राणाच्या आतला घुमारा नंतर हवा तेवढा चढवता येतो. मुद्रणात आलेला मात्र समाधानकारक उतरवता येत नाही. परग्रहावरचं उघडं माळरान दाखवताना हे सर्वांत बोचतं. माळरानावर भिंत नसते, त्यामुळे घुमारा नसतो. वाऱ्याचा कितीही आवाज घातला तरी खोलीत बोललेलं वाक्य खोलीतच राहतं.

आपल्याकडे चार बूथ कुणाकडे असतात, असं कुणी म्हणेल. एक शांत खोली आणि दोन कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारे आणि पाठीमागचं फारसं न ऐकणारे, माइक असले तरी निभतं. दोन कलाकार समोरासमोर उभे करावेत, माइकच्या पाठी एकमेकांकडे याव्यात, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्या माइकच्या बहिऱ्या बाजूला पडतो. तोंड आणि माइक यांत २० सेंटिमीटर असतील, तर दोन माइकांमध्ये निदान ६०, म्हणजे तिप्पट अंतर हवं. गोधड्या टांगायच्या त्या कलाकाराच्या पाठीमागे. बहुतेक जण त्या माइकच्या मागे टांगतात आणि घुमारा का जात नाही म्हणून चक्रावतात. माइकचं तोंड असतं कलाकाराच्या मागच्या भिंतीकडे! पंखा बंद, फ्रिज बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली की जाताना तो सुरू करायचा राहत नाही. एकमेकांवर चढणारी वाक्यं अशा खोलीत आधी एकत्र घ्यावीत, मग लगेच, त्याच भरात, एकेकाची सुटी घ्यावीत.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करावं. साध्या बोलण्याची शिखरं मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावीत, म्हणजे अचानक चढलेला आवाज फाटत नाही. फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. किंकाळ्या, धापा, मारामारीतले हुंकार हे दिवसाच्या शेवटी घ्यावेत. सकाळी किंचाळलेला गळा दुपारी हळवा प्रवेश करू शकत नाही. किंकाळीला माइकपासून हातभर मागं सरून तोंड थोडं वळवावं. संहितेची पानं एका बाजूला छापलेली आणि सुटी हवीत, आणि पानाच्या तळाशी वाक्य तुटता कामा नये. शब्दावर पडलेली कागदाची सळसळ तो शब्द घेऊनच जाते. खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावी, संवाद जोडताना फटी बुजवायला तीच लागते.

प्रक्रिया केलेल्या आवाजांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विज्ञाननाट्यात सगळ्यात जास्त घसरण इथं होते. ‘डॉक्टर हू’मधल्या डेलेक या यंत्रदेही शत्रूंचा आवाज रिंग मॉड्युलेटरनं होतो. हे यंत्र बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ३० हर्ट्झच्या लहरीनं गुणतं. त्यामुळे आवाजातल्या २०० हर्ट्झच्या सुराच्या जागी १७० आणि २३० असे दोन सूर निघतात, आणि आवाज सेकंदाला ६० वेळा चढतो-पडतो. तीच ती खरखरीत थरथर. बिग फिनिशच्या नाटकांत डेलेकचा आवाज देणारे ब्रिग्ज स्टुडिओत हे यंत्र चालू ठेवूनच बोलतात. समोरच्या कलाकाराच्या हेडफोनमध्ये थेट डेलेक येतो आणि त्याची भीती खरी उमटते. शिवाय बोलणाऱ्यालाही कळतं की वेग वाढला की शब्द विरघळतात. म्हणून तो स्वर ताणतो, अक्षरं तोडून बोलतो. साधं वाचून घेऊन ‘नंतर इफेक्ट टाकू’ म्हटलं की हे दोन्ही हातचं जातं. मराठीत तर जास्तच जपायला हवं. घ आणि ग, भ आणि ब यांतला फरक श्वासाच्या छोट्याशा झुळकीवर उभा असतो आणि ती झुळूक त्या थरथरीत बुजते. यंत्रमानवाच्या तोंडी ‘भार’ आणि ‘बार’ यांतून अर्थ बदलणारं वाक्य देऊच नये. आणि प्रक्रिया ऐकवली तरी मूळ कोरडा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायलाच हवा. यंत्राची मात्रा चुकली तर तोच वाचवतो.

ध्वनिप्रभावांसाठी तयार संग्रहांवर फार विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरचं यान, टार्डिस, प्रकट होतानाचा जो घरघराट जगभर ओळखला जातो, तो बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागातल्या ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या खर्जातल्या तारेवर घासून मिळवला. मग टेपवर त्याचा वेग बदलला, तो उलटा फिरवला, त्यावर प्रतिध्वनी चढवला. त्याच वर्षी, १९६३मध्ये, त्याच विभागातल्या डेलिया डर्बिशायर यांनी संगीतकार रॉन ग्रेनर यांचं शीर्षकसंगीत टेपचे तुकडे कापून आणि जोडून, जवळजवळ एकेक स्वर करत उभं केलं. तांब्याच्या घंगाळाच्या काठावर ओला हात फिरवून बघा, पितळी डब्याचं घट्ट झाकण हळूहळू सोडवून ते निम्म्या वेगानं ऐका. यानाचं दार आपल्याच फडताळात सापडेल.

संहितेत मराठीची एक जमेची बाजू आहे, ती अनुवादाच्या नादात वाया जाते. ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळावं म्हणून इंग्रजीत दर दोन वाक्यांनी नाव घ्यावं लागतं. मराठीत ‘मी आले’ म्हटलं की बाई बोलते आहे हे कळतं; ‘अगं’, ‘अहो’, ‘तू’, ‘आपण’ यांतून समोर कोण आणि नातं काय तेही कळतं. तेव्हा नावांची खैरात नको. मात्र जे पात्र अर्धं पान गप्प राहतं ते ऐकणाऱ्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेलं असतं. त्याला एखादा हुंकार, एखादा प्रश्न द्यायला हवा. ‘अरे बापरे, तीन डोळ्यांचा हिरवा प्राणी!’ अशी वाक्यं तर नकोतच. ‘त्याच्याकडे बघू नकोस. तिसरा अजून मिटलेलाय.’ एवढ्यानं प्राणी दिसतो.

२०२०च्या टाळेबंदीत बिग फिनिशच्या कलाकारांनी घरून मुद्रण केलं. म्हणजे अंतरावरूनही एकत्र प्रवेश करता येतो. पुण्यातला कलाकार आणि न्यू जर्सीतला कलाकार यांनाही तो करता येईल. अट एकच: व्हिडिओ कॉल फक्त ऐकण्यासाठी, मुद्रण प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र. कॉलवरचा आवाज दाबलेला असतो, तो वापरू नये. सुरुवातीला प्रत्येकानं एक टाळी वाजवावी, फायली जुळवायला ती उपयोगी पडते. कॉलच्या विलंबानं प्रत्येक उत्तर किंचित उशिरा येतं. जोडणी करताना ती फट कमी करावी लागते, नाहीतर सगळी पात्रं विचारात पडलेली वाटतात.

मिक्सिंगबद्दल एकच: आपला श्रोता लोकलमध्ये इअरफोन लावून उभा असतो. बोलणं चालू असताना पार्श्वध्वनी संवादाच्या १८ ते २० डेसिबल खाली ठेवावा, आणि अंतिम फाइल मायनस १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) जवळपास आणावी. एकदा पूर्ण नाटक मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय प्रसारित करू नये.

शेवटी जतनाबद्दल. १९६०च्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या भागांच्या टेप बीबीसीनं पुसून पुन्हा वापरल्या आणि कित्येक भागांचं चित्र कायमचं गेलं. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीजवळ माइक धरून तो टेप केला होता. आज त्याच आवाजावर ॲनिमेशन करून ते भाग पुन्हा दाखवले जातात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. सहा कलाकारांचा एक तास म्हणजे ३ जीबीपेक्षा थोडं जास्त. आज ही जागा फार महाग नाही. तेव्हा नाटक प्रसारित झालं की सुटे ट्रॅक पुसून टाकू नयेत. ते दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावेत, आणि प्रत्येक फाइलच्या नावात पात्र, प्रवेश आणि टेकचा क्रमांक असावा.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, ठाणे