शर्यतीची पहिली मोटरसायकल: लहान, वापरलेली आणि ट्रॅकसाठी आधीच तयार केलेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांतून नव्या मोटरसायकलींची परीक्षणे नेहमी प्रसिद्ध होतात आणि ती वाचून बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरावे असे अनेक तरुण-तरुणींना वाटू लागते. हौशी शर्यतींपूर्वी गाड्यांची जी तांत्रिक तपासणी होते, त्या कामात मी हातभार लावतो. तेथे येणाऱ्या नवशिक्यांनी गाडी निवडताना बहुतेक वेळा इंजिनाचा आकार आणि कमाल वेग एवढेच पाहिलेले असते, आणि सगळी पुंजी गाडीत ओतल्यामुळे टायर, हेल्मेट व सराव यांसाठी हात आखडता घ्यावा लागलेला असतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षासाठी बाजूला काढलेल्या एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम गाडीवर खर्च करू नये. गाडी तीनशे ते चारशे सीसीची असावी, वापरलेली असावी आणि शक्यतो आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी तयार केलेली असावी.

लहान गाडीचा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. यामाहा आर६ सारखी सहाशे सीसीची सुपरस्पोर्ट गाडी सुमारे 120 अश्वशक्ती देते, तर तीनशे-चारशे सीसीच्या गाड्या साधारण 40 ते 45 अश्वशक्तीच्या आसपास असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि हे गणित नवशिक्याला सरळ पट्ट्याच्या शेवटी, वळण अंगावर येत असताना सोडवावे लागते. मोठ्या गाडीवर तो सरळ पट्ट्यावर वेगाने जातो, वळणापूर्वी घाबरून फार लवकर ब्रेक लावतो, वळणात रेंगाळतो आणि गमावलेला वेळ पुढच्या पट्ट्यावर थ्रॉटल पिळून भरून काढतो. आपले काही चुकते आहे हे त्याला कळतच नाही, कारण इंजिन त्याची चूक झाकत राहते. लहान गाडीवर अशी चूक झाकली जात नाही. वळणात गमावलेला वेग परत मिळवायला तिला बराच वेळ लागतो, म्हणून चालकाला वळणाची रेषा, ब्रेक सोडण्याची घडी आणि शरीराचा तोल या तिन्ही गोष्टी शिकाव्याच लागतात. शिवाय तिचे टायर आणि ब्रेक पॅड अधिक काळ टिकतात, ही खिशाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

लहान गाडी म्हणजे पोरखेळ, हा समज किती चुकीचा आहे हे सांगायला एक उदाहरण पुरे. 2017 मध्ये सुपरस्पोर्ट 300 ही जागतिक अजिंक्यपद मालिका याच वर्गातल्या गाड्यांसाठी सुरू झाली. पुढच्याच वर्षी स्पेनच्या आना कारास्कोने कावासाकी निन्जा 400 वर तिचे विजेतेपद पटकावले. साइडकार नसलेल्या एकेरी मोटरसायकलींच्या रोड रेसिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली महिला ठरली.

याच वर्गातली कोणती गाडी घ्यावी, याचे उत्तर बरेचसे नियमपुस्तिकेत असते. निन्जा 300 (296 सीसी), यामाहा आर३ (321 सीसी) आणि निन्जा 400 (399 सीसी) यांना दोन सिलिंडरची इंजिने आहेत. 2014 मध्ये आलेल्या केटीएम आरसी 390 चे इंजिन 373 सीसीचे, एका सिलिंडरचे आहे. एका सिलिंडरची गाडी वळणातून बाहेर पडताना खालच्या आरपीएमला चांगली ओढते, तर दोन सिलिंडरची गाडी वरच्या आरपीएमला अधिक सुरळीत चालते. नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक दुय्यम आहे. आपण ज्या शर्यतीत भाग घेणार आहोत तिच्या कोणत्या गटात ही गाडी बसते, त्या गटात कोणते बदल चालतात आणि बाकीचे स्पर्धक प्रामुख्याने कोणती गाडी वापरतात, एवढे आधी पाहावे. सर्वांकडे असलेली गाडी घेतली की सुटे भाग, जुनी फेअरिंग (गाडीचे बाहेरचे आवरण) आणि सेटिंगबाबतचा सल्ला पॅडॉकमध्येच, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेतच, मिळतो. उंच किंवा वजनदार चालकाला या गाड्या खरोखरच अपुऱ्या पडू शकतात. त्याने 1999 पासून बाजारात आलेल्या सुझुकी एसव्ही650 चा विचार करावा. तिचे 645 सीसीचे व्ही-ट्विन (इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर असलेले) इंजिन समजूतदार आहे आणि क्लब पातळीच्या शर्यतींत ती दीर्घकाळ वापरली गेली आहे. मात्र कोणत्याही गाडीत चालकाच्या वजनाप्रमाणे पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) स्प्रिंग बदलण्याची तयारी ठेवावी, कारण रस्त्यावरच्या या गाड्यांचे सस्पेन्शन ट्रॅकच्या मानाने मऊ असते.

आता ट्रॅकसाठी तयार असलेल्या गाडीचा मुद्दा. रस्त्यावरची गाडी शर्यतीला न्यायची तर आरसे, दिवे, इंडिकेटर, स्टँड काढावे लागतात आणि फायबरची फेअरिंग बसवावी लागते. इंजिन फुटले तर सांडलेले तेल ट्रॅकवर न जाता साठून राहावे, असा तिचा खालचा भाग असावा लागतो. तेलाच्या ड्रेन प्लगला, फिल्टरला आणि अनेक ठिकाणी कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) बोल्टनाही सेफ्टी वायर, म्हणजे ते सैल होऊ नयेत म्हणून बारीक तार, बांधावी लागते. रेडिएटरमधले ग्लायकोलयुक्त कूलंट काढून साधे पाणी भरावे लागते, कारण ग्लायकोल सांडले तर ट्रॅक निसरडा होतो आणि तो सहजी साफ होत नाही. ब्रेक लीव्हरला गार्ड आणि मागच्या स्प्रॉकेटपाशी साखळीला संरक्षक पट्टी लागते ती वेगळीच. हे सगळे नव्याने करायला जेवढा खर्च येतो, तेवढा विकताना कोणत्याही मालकाला वसूल होत नाही, आणि त्याचा फायदा घेणाऱ्याला मिळतो. नवी गाडी हप्त्यांवर घेऊन ट्रॅकवर आणण्याच्या मी ठाम विरोधात आहे. रस्त्यावरच्या विम्यात शर्यतीतले नुकसान सहसा धरले जात नाही, आणि गाडी पडली तर हप्ते कसे फेडायचे या धास्तीत कोणीही नीट शिकू शकत नाही.

वापरलेली गाडी पाहताना रंगावर जाऊ नये, कारण चकचकीत फेअरिंग ही बहुधा मागच्या पडझडीनंतरच बदललेली असते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, ते जेथे अडते तेथील फ्रेमवरचा धातूचा अडथळा बॅटरीच्या उजेडात पाहावा. तो चेपलेला, तडकलेला किंवा तेवढ्याच जागी नव्याने रंगवलेला दिसला, तर गाडीने समोरून जबर मार खाल्लेला आहे असे समजून व्यवहार थांबवावा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर खटकन अडल्यासारखे झाले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहे. फोर्कच्या नळीवरून नख फिरवले की आधीचे ओरखडे हाताला जाणवतात, आणि ते असतील तर तेलाचे सील फार काळ टिकणार नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीची काच पाहावी. आतले द्रव मधाच्या रंगाचे असेल तर ठीक, पण काळपट तपकिरी असेल तर ते बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये. डॉट 4 दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो; हवेतला ओलावा शोषल्यावर मोजलेल्या उत्कलनबिंदूची मर्यादा 155 अंशांवर येते. लागोपाठच्या जोरदार ब्रेकिंगमध्ये असे द्रव उकळले की लीव्हर थेट हँडलला टेकतो. तपासणीच्या टेबलावर मी सर्वांत आधी हीच काच पाहतो.

उरलेल्या रकमेतून पहिला खर्च हेल्मेट, पूर्ण अंगाचा चामड्याचा सूट, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पाठीचे संरक्षक कवच यांवर करावा. सूट वापरलेला चालेल, हेल्मेट मात्र नवेच घ्यावे, कारण आतला फोम एकदा दबला की पूर्ववत होत नाही आणि ते बाहेरून कळतही नाही. त्यानंतर टायर, ब्रेक ऑइल, पॅड आणि प्रशिक्षकासह सरावाचे दिवस. स्लिक टायर (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) आणि टायर वॉर्मर (टायर आधीच तापवणारे वेष्टण) यांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. स्लिकला पकड येण्यासाठी उष्णता लागते. नवशिक्याच्या वेगाने ती पुरेशी निर्माण होत नाही आणि थंड स्लिक चांगल्या स्पोर्ट टायरहून अधिक घसरतो. चढा आवाज करणारा एक्झॉस्ट आणि क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारे उपकरण) यांना यादीत सर्वांत शेवटचे स्थान द्यावे.

‘लहान गाडी लवकरच अपुरी पडेल, मग दोनदा खर्च कशाला?’ असे पालक आणि मित्र विचारतात. ज्याला ती खरोखर अपुरी पडते, तो तोवर त्याच गटात पुढच्या फळीत धावत असतो, आणि नीट राखलेली तयार गाडी त्याच गटातला पुढचा नवशिका घेऊन जातो. त्यामुळे दोनदा खर्च होतो ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. मोटरसायकलींच्या परीक्षणात कमाल वेग आणि अश्वशक्तीच्या शेजारीच क्लच व ब्रेक लीव्हर, हँडल, फुटरेस्ट आणि फेअरिंग यांच्या सुट्या भागांच्या किमती, टायरच्या जोडीची किंमत आणि ती गाडी शर्यतीच्या कोणत्या गटात बसते ही माहितीही छापावी. एका साध्या पडझडीनंतर गाडी पुन्हा उभी करायला किती खर्च येईल, हे त्यावरून वाचकाला गाडी घेण्यापूर्वीच ताडून पाहता येईल.

आपला,
एक नियमित वाचक